पहिल्या खणात महाड, दुसऱ्यात पोलादपूर

महाड, रविवार

आदरणीय दाजी यांस अरविंदचा सविनय जय भीम.

आधी बातमी, मग खुशाली. तीस वर्षं वर्तमानपत्राला महाडचा मजकूर पाठवल्यावर पत्रही तसंच लिहिलं जातं, त्याला आता इलाज नाही. तर बातमी अशी, की आपल्या मंडळाच्या ओव्यांच्या पेटीतल्या चार डिस्कांपैकी दोन कामातून गेल्या आणि तरीही एकही ओवी हरवलेली नाही. हे काल सकाळी राजश्रीने पुण्याहून फोनवर पक्कं केलं. (ती माझी मुलगी म्हणून तिचा हवाला देत नाही. तिच्या कंपनीत असल्या पेट्यांची अख्खी खोली तिच्या ताब्यात आहे, म्हणून देतो.) पण एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी सोडायची नाही ही माझी जुनी शिस्त, तेव्हा मी स्वतः ठकूबाईच्या सगळ्या ओव्या कानाला लावून ऐकल्या. मधला तिचा खोकला जिथल्या तिथे आहे. खोकल्यानंतर मागे कोंबडा आरवतो, तोही आहे.

आता खुशाली. तुमचा गुडघा कसा आहे? नाशिकची थंडी त्याला मानवत नाही हे मी दरवर्षी लिहितो आणि तुम्ही दरवर्षी महाडचा दमट उकाडा माझ्या तोंडावर फेकता, तेव्हा ते राहू दे. मंजुळाताईची साखर आटोक्यात असेल अशी आशा आहे. हे पत्र तुम्ही नेहमीप्रमाणे चहाच्या वेळी तिला मोठ्याने वाचून दाखवत असाल, म्हणून तिलाही इथेच नमस्कार. ताई, तू पेटीत गायली नाहीस याचा राग मी धरलेला नाही. गेल्या वर्षी तळ्यावरच्या कार्यक्रमात निवेदकाने तुझं नाव न घेता ‘अरविंदरावांच्या भगिनी’ म्हटलं, त्यात माझी चूक नव्हती, हे मी पुन्हा एकदा नोंदवतो आणि पुढे जातो.

दाजी, पेटी विकत घ्यायची ठरली तेव्हा तुम्ही सगळ्यांसमक्ष म्हणाला होतात, “चार घागरी तळ्यावर न्यायच्या आणि पाणी दोनच घागरींचं आणायचं, ही कुठली रीत रे अरविंद?” सगळे हसले. बुद्धरत्न सर तर टाळी देऊन हसले. (हे पोलादपूरच्या शाळेत गणित शिकवतात आणि आमच्या मंडळाच्या पोलादपूर शाखेचे चिटणीस आहेत. पुढे त्यांचा मोठा संबंध येणार आहे.) त्या वेळी मला उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचलं आहे, आणि ते बरंच लांब आहे, तेव्हा चहा आणखी एक कप टाकायला सांगा.

पेटी म्हणजे काय, तर चार खणांचा एक लहानसा लोखंडी खोका. प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क. महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतल्या बायकांनी जात्यावर, शेतात, बारशाला म्हटलेल्या ओव्या आम्ही वाडीवाडीत जाऊन टिपल्या, त्या सगळ्या यात आहेत. त्यातल्या कितीतरी बायका आता नाहीत. त्यांचा आवाज फक्त या खोक्यात आहे, आणि सत्याग्रहाच्या शताब्दीला तो तळ्याच्या काठावर ऐकवायचा आहे. खोका मंडळाच्या खोलीत वरच्या मजल्यावर ठेवला आहे. (पुरानंतर महाडात मोलाची वस्तू तळमजल्यावर ठेवणारा माणूस आता शोधून सापडायचा नाही.) राजश्रीने फोनवर सांगत सांगत माझ्याकडून त्याची मांडणी करवून घेतली. मांडणी अशी, की डिस्कांच्या दोन जोड्या लावायच्या. जोडीतल्या एकीत जे लिहिलं तेच तसंच्या तसं दुसरीत, आरशात दिसावं तसं. हे झालं जोडीच्या आत. मग प्रत्येक ओवीचे पट्टे पाडायचे आणि एक पट्टा पहिल्या जोडीला, पुढचा दुसऱ्या जोडीला, असे वाटत जायचं. म्हणजे कुठलीही ओवी अर्धी या जोडीत आणि अर्धी त्या जोडीत असते. दोन्ही जोड्या एकदम कामाला लागतात म्हणून ती भराभर निघते, आणि जोडीतली एक डिस्क मेली तरी तिचा जोडीदार असतोच.

ठकूबाईला मी हे समजावून सांगितलं, कारण जिचं गाणं तिला ते कुठे ठेवलंय हे कळायला हवं. नव्वदी उलटलेली बाई, पण कान शाबूत. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “म्हंजे माजा गाना कापलास व्हय रे? आनि परत शिवनार कोन?” मी म्हटलं, पेटी शिवते, टाका दिसत नाही. तर म्हणे, “टाका दिसत नाय असा शिंपी आमच्या गावात तरी नाय.”

पण तुम्हाला समजावायला मला शिंपी नको, डोली पुरे. याच ठकूबाईचा पाय मोडला होता तेव्हा आंबेनळी घाटाच्या वरच्या अंगाच्या वाडीतून आपण तिला खाली आणलं होतं, आठवतं? तुमचं आणि ताईचं नुकतंच लग्न झालं होतं आणि मेहुण्यांसमोर कमी पडायचं नाही म्हणून तुम्ही स्वतःहून खांदा दिलात. बांबूच्या पुढच्या टोकाला तुम्ही आणि मी, मागच्या टोकाला तिचा मुलगा हैबती आणि त्याचा चुलतभाऊ. उतारावर तुमच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तुम्ही बसलात. डोली थांबली का? नाही. पुढचं टोक मी एकट्याने पेललं. थोड्या वेळाने मागे हैबतीच्या पायात काटा गेला, तोही बसला. तरी डोली चालत राहिली, कारण मागचं टोक त्याच्या भावाने धरलं होतं. दोघे गेले, पण एक पुढचा आणि एक मागचा. तुमच्यानंतर मीच बसलो असतो तर मागे दोन दांडगे असूनही ठकूबाई जमिनीवर आली असती. दाजी, त्या दिवशी तुम्ही निकामी झालेली डिस्क होता (राग नसावा) आणि मी तुमचा आरसा होतो.

आता तुम्ही विचाराल की हीच मांडणी का, उलटी का नाही. उलटीसुद्धा असते. आधी पट्टे, मग आरसा. म्हणजे दोघांची एक डोली-टोळी, एक पुढे एक मागे, आणि तशीच दुसरी टोळी बदलीसाठी सोबत चालतेय. पहिल्या टोळीतल्या पुढच्याचा पाय मुरगळला की मागचा एकटा काय उचलणार, तोही धडधाकट पायांनिशी दगडावर बसतो. डोली दुसऱ्या टोळीकडे जाते, आणि आता तिच्यातला कोणीही एक घसरला की संपलं. माणसं चारच, खर्च तोच. पण आपल्या रीतीत एक पडल्यावर उरलेल्या तिघांतला एकच असा असतो की जो पडला तर घात होतो. उलट्या रीतीत तसे दोन असतात. हैबती म्हणेल की दगडावर बसलेल्या धडधाकट गड्याने उठून दुसऱ्या टोळीला खांदा द्यावा. माणूस देईल. तसली पेटी सहसा देत नाही. राजश्रीने पहिली रीत निवडली ती यासाठी, आणि हे तिने मला सांगितलं तेव्हा मी तिच्या जागी तुम्ही असल्यासारखा वाद घातला होता, हेही कबूल करतो.

आता गोष्टीचं मुख्य अंग. डिस्का आणल्या कोणी? दोन महाडच्या शाखेने सुहासच्या दुकानातून, दोन पोलादपूरच्या शाखेने तिथल्या प्रवीणच्या दुकानातून. इथपर्यंत प्रेमाने झालं. मग बुद्धरत्न सर सभेत उभे राहिले आणि म्हणाले, “पोलादपूरच्या बायकांची गाणी पोलादपूरच्या डिस्कांवरच राहतील, एवढं लिहून घ्या. आमच्या दोन डिस्का एकमेकींच्या शेजारी, एका जोडीत.” त्यांच्या शाखेने बाक वाजवले. गाण्याचे पट्टे पडतात, पोलादपूरची निम्मी गाणी महाडात आणि महाडची निम्मी पोलादपुरात असणार, हे मी समजावायला लागलो. पण सभा लांबली होती, डाळ निवत होती, आणि मी ‘बरं, बघतो’ म्हणून बसलो. बातमीदाराला ‘बघतो’ म्हणजे काय ते कळतं. शिक्षकाला तो होकार वाटतो.

डिस्का बसवायची वेळ आली तेव्हा मात्र माझ्या हाताने आपल्या सवयीचं केलं. तुम्हाला आमची पंगत ठाऊक आहे. एका वर्षी पहिल्या रांगेत सगळे महाडकर बसले आणि पोलादपूरकर न जेवता गाडीत जाऊन बसले, तेव्हापासून मंडळात सगळं एकाआड एक चालतं. खुर्चीवर एक महाडचा, शेजारी एक पोलादपूरचा. भाषणं तशीच, हार तसेच, पत्रावळीसुद्धा तशाच. मी कित्येक वर्षं ती खुर्च्यांची मांडणी केली आहे. समोर चार रिकामे खण दिसले आणि मी काही विचार न करता पहिल्या खणात महाड, दुसऱ्यात पोलादपूर, तिसऱ्यात महाड, चौथ्यात पोलादपूर अशा बसवून टाकल्या. पेटी पहिला-दुसरा खण एक जोडी धरते आणि तिसरा-चौथा दुसरी. म्हणजे माझ्या हातून दोन्ही तालुक्यांची सोयरीक लागली. राजश्रीने कुठली कुठे हे विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात पेटी टिवटिव करायला लागली. मला आधी वाटलं की खाली कोणीतरी टेंपो मागे घेतोय. बराच वेळ टेंपो मागे जात राहिला, तेव्हा मी वर जाऊन पाहिलं. दुसऱ्या खणावर लाल दिवा. प्रवीणकडची एक डिस्क गेली होती. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही, अभिमान वाटला. मी शेजाऱ्यांना बोलावून ठकूबाईच्या ओव्या वाजवून दाखवल्या: बघा, डिस्क मेली आहे आणि बाई गातेय. बातमी पोलादपूरला पोचायला फार वेळ लागला नाही. पण पोचताना तिचं रूप बदललं आणि ‘पोलादपूरची एक डिस्क महाडकरांनी मारली’ असं झालं.

दुसऱ्या दिवशी मी तळ्यावर मंडप बघायला गेलो असताना बुद्धरत्न सर आले. किल्ली त्यांच्याकडेही असते (एक महाडला, एक पोलादपूरला). चौथ्या खणाची खिट्टी दाबून त्यांनी उरलेली पोलादपूरची डिस्क बाहेर काढली, टॉवेलात गुंडाळली आणि मोटरसायकलवरून घरी नेली. मला वाटेवरून फोन आला, “दादा, आमची गाणी आम्ही सुरक्षित नेतोय. तुमच्याकडं एक मेली. दुसरी तरी वाचू द्या.” मी म्हटलं, सर, त्यात गाणी नाहीत, गाण्यांचे निम्मे पट्टे आहेत. ते म्हणाले, “मी गणिताचा माणूस आहे.” फोन बंद.

घरी त्यांनी डिस्क संगणकाला जोडली. संगणकाला पट्ट्यांतलं काय कळणार? त्याने विचारलं, ही डिस्क ओळखता येत नाही, साफसूफ करून वापरायला घेऊ का? आणि आमच्या बुद्धरत्न सरांनी, ज्यांनी आयुष्यभर मुलांना प्रश्न दोनदा वाचायला शिकवलं, ‘हो’ दाबलं. संध्याकाळी परत त्यांचा फोन. आवाज अगदी बारीक. “दादा, डिस्क एकदम स्वच्छ दिसतेय. अशीच असते का?”

मी खुर्चीत बसलो, मग राजश्रीला फोन लावला. सांगताना मी सगळं वार्तांकन विसरलो, मधूनच सुरुवात केली. तिने मला थांबवलं. “पप्पा, मेलेली कुठल्या खणातली?” दुसऱ्या. “आणि सरांनी नेली ती?” चौथ्या. मग तिने विचारलं, “पोलादपूरच्या दोन्ही एका जोडीत ठेवा म्हणून सर भांडत होते ना? तुम्ही ठेवल्या नाहीत?” मी म्हटलं, नाही गं, पंगतीसारख्या बसवल्या. तेव्हा ती हसली. “मग पाणी प्या. दोन्ही जोड्यांत एकेक शिल्लक आहे. सगळं आहे.”

दाजी, विचार करा. सरांच्या ठरावाप्रमाणे त्यांच्या दोन्ही डिस्का एका जोडीत असत्या, तर पहिली मेल्यावर दुसरी बाहेर काढताक्षणी अख्खी पेटी बसली असती. नुसती पोलादपूरची गाणी नव्हेत, प्रत्येक ओवीचा निम्मा भाग गेला असता. त्यांनी जी गाणी वाचवायला नेली ती त्यांच्याच हातून गेली असती. त्या संध्याकाळी पोलादपूरच्या सगळ्या बायका महाडच्या दोन डिस्कांवर गात होत्या, आणि एकाही महाडकराने त्याबद्दल अजून शब्द काढलेला नाही. (मी काढला. पण फक्त तिघांजवळ.)

पुढचं काम राजश्रीने रांगेत लावलं. सरांची स्वच्छ डिस्क बिघडलेली नव्हती, नुसती कोरी झाली होती. ती चौथ्या खणात परत बसवली आणि तिसऱ्या खणातल्या जोडीदारिणीवरून ती पुन्हा भरून झाली. मेलेलीच्या जागी नवी हवी होती. ती सुहासकडे तयार होती, पण मग पंगत बिघडली असती, तेव्हा ती प्रवीणकडूनच आली. फक्त राजश्रीच्या सांगण्याप्रमाणे वेगळ्या खेपेतली (एका खेपेतल्या डिस्का एकदमच मरू शकतात म्हणे). काल दुपारपासून तीही भरली जातेय. बुद्धरत्न सर पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले आहेत. पंखा पेटीकडे, स्वतः घामात. कोणी जिन्यावर जोरात पाय वाजवला तर वरून “हळू” असा आवाज येतो. ठकूबाईला हैबतीने सगळी हकिकत सांगितली. ती म्हणाली, “मास्तर बसलाय म्हंजे पेटी शिकेल आता. नायतर मास्तर तरी.”

एकूण मंडळाची मान ताठ आहे. तुमच्या चार घागरींपैकी दोन फुटल्या, दाजी, आणि पाणी तेवढंच आहे. त्यासाठीच चार न्यायच्या असतात. ताईला पुन्हा नमस्कार, तुमच्या गुडघ्याला ऊब.

आपला,
अरविंद

ता. क. हे पत्र राजश्रीला फोनवर वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, ‘अभिमान’ हा शब्द दोनदा आलाय, तो एकदा करा (केला). कारण पंगतीसारख्या बसवल्या हे तंत्र नव्हे, योग होता. शिवाय दोन्ही जोड्या एकेका खांद्यावर आल्या तेव्हा त्यातला कुठलाही एक घसरता तर डोली खालीच होती. आणि पहिली जोडी या क्षणी तशीच आहे: पहिल्या खणातली सुहासकडची डिस्क एकटी, आणि तीच वाचून वाचून नवी भरायची चाललेली. उद्या दुपारपर्यंत ती भरून होईल असा तिचा अंदाज आहे. तोवर वरचं सगळं पत्र जरा हळू आवाजात वाचावं.

दुसरा ता. क. राजश्री असंही म्हणते की आरसा म्हणजे प्रत नव्हे. सरांनी चालू पेटीतच ‘हो’ दाबलं असतं तर आरशातलंही त्याच घटकेला पुसलं गेलं असतं. आणि सावित्री नदी वर चढली तर ती खण मोजत बसायची नाही. तेव्हा सगळ्या ओव्यांची तिसरी प्रत महाडबाहेर हवी, कोरड्या गावात, शिस्तीच्या माणसाकडे. मंडळाने एकमताने तुमचं लोखंडी कपाट सुचवलं आहे. दोन प्रतीसुद्धा जास्त म्हणणाऱ्या माणसाकडे तिसरी ठेवायची, ही सूचना बुद्धरत्न सरांची. राजश्री शनिवारी डिस्क घेऊन नाशिकला येतेय. लुगड्यांच्या खालचा कप्पा रिकामा करून ठेवावा.

तिसरा ता. क. (इथून पुढे मनात वाचा. ताईने विचारलं तर म्हणा, पत्ता लिहिलाय.) दाजी, गेल्या महिन्यात फोनवर तुमच्या तोंडून निसटलं की ताई भाकऱ्या थापताना आईची तळ्याची ओवी म्हणत होती आणि तुम्ही दाराआडून ती मोबाइलमध्ये घेतलीत. ती ओवी दुसऱ्या कोणाला येत नाही. मला पहिल्या दोन ओळी येतात, पुढे फक्त चाल. ती एका फोनमध्ये आहे, त्या फोनची काच तडकलेली आहे, आणि तो तुम्ही सदऱ्याच्या खिशात ठेवून वाकून चपला घालता. तिला जोडीदार नाही, दाजी. या सगळ्या पत्राचं काम एवढंच होतं. राजश्रीला शनिवारी फोन द्या. ताईने विचारलं तर राजश्री काच बदलायला नेतेय असं सांगायचं ठरलं आहे. पण ताई माझी मोठी बहीण आहे, पहिल्याच चहाला तिला सगळं कळेल असा माझा अंदाज आहे. कळल्यावर ती दोनपैकी एक करील. फोन हिसकावून घेईल, नाहीतर म्हणेल, “ते नीट नाय झालं, पुन्हा घे, आणि माझं नाव नीट घाल.” पहिलं झालं तर तुम्ही सांभाळा. दुसऱ्यासाठी मी राजश्रीच्या पिशवीत माइक ठेवला आहे.